'सुचत नाही' हीसुद्धा एक तक्रारच

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. आदल्या रात्रीच मी त्यांना थायरॉइडवरचा लेख पाठवला होता. एरवी ते 'लेख पोचला, छान झालाय' एवढंच सांगून फोन ठेवतात. त्या दिवशी जरा घुटमळले आणि म्हणाले, "डॉक्टर, एक शंका आहे, राग मानू नका. आमच्या हिला हीच गोळी चालू आहे. तिच्या बाटलीवर पन्नास मायक्रोग्रॅम लिहिलंय. तुमच्या लेखात मिलिग्रॅम आहे, तेही तीन ठिकाणी. ही काही वेगळी गोळी आहे का?"

वेगळी गोळी नव्हती. माझी चूक होती, आणि ती हजारपटीची होती.

तुम्ही म्हणाल, टायपिंगमध्ये होतं असं. एकदा झालं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण तीन वेळा लिहिलं होतं, आणि पाठवण्याआधी लेख दोनदा वाचलाही होता. मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या हाताने लेख लिहिला, त्याच हाताने मी रोज साठ-सत्तर चिठ्ठ्या लिहिते. पुढचे दोन दिवस ओपीडी संपल्यावर मी महिन्याभराचे केसपेपर काढून बसले. प्रत्येक औषध, प्रत्येक डोस तपासला. एकही चूक सापडली नाही. जीव भांड्यात पडला, पण मग कोडं पडलं. दवाखान्यात जे डोकं बरोबर चालतं, ते लिहिताना कुठे जातं?

आजचा लेख या कोड्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण काही ना काही लिहिता हे मला तुमच्या पत्रांवरून माहीत आहे. कुणी प्रबंध लिहितंय, कुणी ऑफिसचे अहवाल, कुणी गावाचा इतिहास. 'हल्ली लिहायला बसलं की डोकं चालतच नाही' हे वाक्य मी तुमच्याकडूनही ऐकलेलं आहे. तेव्हा मी त्याला हसून उत्तर दिलं असेल, तर माफ करा.

त्या फोनच्या आधीचे सहा-सात महिने माझं लिखाण ओढाताणीचंच चाललं होतं. पूर्वी तासाभरात पाचशे शब्द सहज व्हायचे. आता रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडायचा, साडेबाराला मिटायचा, आणि हाती दीडशे शब्द. त्यातले शंभर दुसऱ्या दिवशी खोडायचे. अगदी रोजचा शब्द जिभेवर येऊन अडायचा. एकदा 'सूज' हा शब्द आठवेना म्हणून मी 'फुगणे' लिहून पुढे गेले. सूज! दिवसातून वीस वेळा मी तो शब्द बोलते.

कारणं माझ्याजवळ तयार होती. वय ५३, पाळी थांबून वर्ष झालेलं. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या काळात बऱ्याच बायकांना शब्द न आठवणं, विसरायला होणं असा त्रास होतो, आणि बहुतेकींचा तो पुढे कमी होतो. हे मी पेशंटना सांगते, तेच स्वतःलाही सांगितलं आणि फाइल बंद केली. डॉक्टर स्वतःच्या बाबतीत फाइल फार लवकर बंद करतात.

पण मनात दुसरी एक गोष्ट होती, जी मी कुणाला बोलले नव्हते. माझ्या आईला शेवटची सात वर्षं विस्मृतीचा आजार होता. ती रोज रात्री हिशेबाची वही लिहायची, लग्न झाल्यापासून. तिचं काहीतरी बिघडतंय हे आम्हाला पहिल्यांदा कळलं ते त्या वहीतूनच. एका पानावर 'दूध' तीनदा लिहिलेलं होतं आणि पुढचं पान कोरं. माझ्या एका लेखात एकच वाक्य दोन परिच्छेदांत जसंच्या तसं आलेलं दिसलं, तेव्हा मला ती वही आठवली. म्हणून संपादकांच्या फोननंतर ठरवलं, की समोर खुर्चीत एक ५३ वर्षांची बाई येऊन बसली आहे आणि 'सुचत नाही' म्हणते आहे असं धरायचं. तिला जे विचारलं असतं ते सगळं स्वतःला विचारायचं.

आधी त्या कोड्याचं उत्तर देते, कारण त्यात बरंच काही आहे.

दवाखान्यात पेशंट समोर असतो. त्याचा खोकला, त्याच्या पायावरची सूज, मागच्या वेळच्या चिठ्ठीवरचं माझंच अक्षर, हे सगळं मला आठवण करून देत असतं. मला फक्त ओळखायचं असतं. पंचवीस वर्षांच्या सवयीने ते काम जवळजवळ आपोआप होतं. चिठ्ठीवर डोस लिहिताना तर हात सवयीनेच चालतो. लिहिण्याचं तसं नाही. कोऱ्या पानासमोर काहीच आठवण करून देत नाही, सगळं आतून ओढून काढावं लागतं. आणि ओढून काढलेलं हातात धरून ठेवावं लागतं: हे वाक्य कुठे चाललंय, परिच्छेदात काय म्हणायचंय, मागे काय सांगून झालंय, वाचणाऱ्याला यातलं किती माहीत आहे. चालू कामापुरती जी स्मृती मेंदू वापरतो, ती फार छोटी असते. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलं की एका वेळी साधारण चार गोष्टीच आपण तिथे धरू शकतो. भाजीवालीच्या तराजूसारखं समजा, पाचवी वस्तू ठेवली की एखादी घरंगळते.

हे धरून ठेवण्याचं काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो, त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. अपुऱ्या झोपेने लवकर मंदावणाऱ्या भागांपैकी तो एक. त्यामुळे थकलेला माणूस गाडी चालवून घरी येतो, स्वयंपाक करतो, ओपीडीही उरकतो, आणि नेमका लिहायला बसला की त्याचं बिंग फुटतं. म्हणून मला वाटतं, रोज लिहिणाऱ्या माणसाकडे एक फुकटची तपासणीच असते. बाकी सगळं ठीक चाललंय असं वाटत असतानाही लिखाण आधी कुरकुरायला लागतं. फक्त त्या कुरकुरीला आपण 'आळस' नाव देऊन टाकतो.

तर आमच्या या पेशंटबाईंची झोप. मी सात दिवस उशाशी कागद ठेवला आणि वेळा लिहिल्या. दवाखाना रात्री नऊला बंद होतो. जेवण, मागचं आवरणं, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून ठेवणं, मग लिखाण. झोपायला पाऊण-एक. आणि उठायचं पावणेसहाला, कारण आमच्याकडे नळाला पाणी सहाला येतं आणि पावणेसातला जातं. सात दिवसांची सरासरी निघाली चार तास पन्नास मिनिटं. मी कुणालाही विचारलं असतं तर 'सहा तास तरी झोपते' असंच सांगितलं असतं. खोटं म्हणून नाही, मला खरंच तसं वाटत होतं.

आणि सहा तास तरी पुरतात का? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये ४८ निरोगी प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना सलग चौदा दिवस रोज आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार. सहा आणि चार तासवाल्यांची लक्ष देण्याची आणि लक्षात ठेवण्याची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. दोन आठवड्यांअखेर ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीला गेली. मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या लोकांना 'किती झोप येतेय' असं विचारत होते, तेव्हा ती भावना पहिले काही दिवस वाढली आणि मग जवळजवळ तिथेच थांबली. कामगिरी घसरत होती, पण त्यांना ते फारसं जाणवत नव्हतं. म्हणजे ज्या मेंदूने हिशेब करायचा, तोच पेंगलेला. 'मला पाच तास पुरतात' असं सांगणारे पेशंट मला रोज भेटतात. आता मी त्यांच्याशी वाद घालत नाही. कागद देते आणि सात दिवस लिहून आणायला सांगते.

झोपेत लिखाणाचं नेमकं काय काम होतं? गाढ झोपेत, जी रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, दिवसभरात हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं टिपलेलं पुन्हा उजळलं जातं आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात हळूहळू मुरतं. तुम्ही संध्याकाळी संदर्भ वाचलेत आणि रात्र जागून काढलीत, तर वाचलेलं मुरायला जागाच मिळत नाही. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते. तिच्यामुळे दूरदूरच्या गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात असं बरेच संशोधक मानतात. पावणेसहाचा गजर नेमका तीच झोप कापतो. 'झोपेत मेंदू धुतला जातो' हे वाक्य तुमच्या मोबाइलवर आलं असेलच. ते २०१३ साली उंदरांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगातून आलेलं आहे. पण २०२४ मध्ये उंदरांवरच झालेल्या दुसऱ्या प्रयोगात उलटं दिसलं. त्यामुळे हा निकाल अजून लागायचा आहे, ते वाक्य सध्या बाजूला ठेवा. झोपेची बाजू मांडायला त्याची गरजही नाही.

आता कॉफी. साडेदहाला लिहायला बसताना माझा एक मोठा मग ठरलेला असायचा. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते 'आता पुरे, झोप' असं सांगत असतं. कॅफिन त्याच्या खुर्चीत जाऊन बसतं, म्हणून निरोप पोचत नाही. थकवा मात्र आहे तिथेच असतो. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तच. म्हणजे माझ्या साडेदहाच्या मगातलं निम्मं पहाटे साडेतीनलाही रक्तात फिरत होतं. जी काही पाच तास झोप मिळत होती, तीही त्यामुळे उथळ. चहाचंही तेच आहे, प्रमाण कमी इतकंच. रात्री जेवणानंतर 'अर्धा कप' घेणाऱ्यांनी स्वतःवर दोन आठवडे प्रयोग करून बघावा.

झोपेचं एवढं सापडल्यावर मी तिथेच थांबले असते. पण पेशंटच्या बाबतीत थांबले नसते, म्हणून रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक (तेवढा एक विनोद नशिबाने केला नाही), साखर काठावर. बी-१२ मात्र १४८ पिकोग्रॅम आलं. बहुतेक लॅब दोनशेच्या खाली कमी धरतात.

यात आश्चर्य वाटायला नको होतं. मी शाकाहारी आहे आणि दूध मला आवडत नाही. बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच काय ते मिळतं. शिवाय पाच-सहा वर्षं मी आम्लपित्तासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेत होते. 'थोडे दिवस' म्हणून सुरू केली होती, बंद करायची राहून गेली. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते आम्लच वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचाही दीर्घकाळ घेतल्यावर असा परिणाम होऊ शकतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्या माझ्या पेशंटची बी-१२ तपासणी मी आठवणीने करते. स्वतःची केली नव्हती. रात्री पायाला मुंग्या यायच्या, त्याचं खापर मी दिवसभर उभं राहण्यावर फोडलं होतं, आणि मी तर बहुतेक वेळ बसलेली असते.

बी-१२ नसांवरच्या मायलिन या वेष्टणासाठी लागतं. वायरवरचं प्लॅस्टिक झिजलं की करंट नीट वाहत नाही, तसं काहीसं होतं. मुंग्या, तोल जाणं, जिभेची आग, विसराळूपणा, चिडचिड असं काहीही दिसू शकतं. आणि हिमोग्लोबिन चांगलं असतानाही दिसू शकतं, हे लक्षात ठेवा. 'रक्त तर भरपूर आहे' म्हणून हा विषय संपत नाही. माझी इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. मुंग्या जायला तीन-चार महिने लागले. आम्लपित्ताची गोळी हळूहळू कमी करून थांबवली. हे तुम्ही परस्पर करू नका, काहींना ती खरंच लागते.

तुम्ही आता विचाराल, मग बी-१२ ने सुचायला लागलं की झोपेने? प्रामाणिक उत्तर असं, की मी दोन्ही एकाच महिन्यात दुरुस्त केलं, त्यामुळे मला सांगता येणार नाही. एक मात्र सांगते, ज्यांचं बी-१२ पुरेसं आहे त्यांनी आणखी घेतल्याने बुद्धी तल्लख होते असा काही पुरावा नाही. 'मॅडम, मुलीचा प्रबंध चाललाय, ताकदीचं इंजेक्शन द्या' असं म्हणत येणाऱ्या आयांना मी परत पाठवते, आणि त्या पलीकडच्या गल्लीत जाऊन घेतात.

औषधांवरून एका पेशंटची गोष्ट आठवली. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे. शाळेच्या आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. चार प्रकरणं झरझर झाली आणि मग गाडं अडलं. "सगळं धुक्यातून दिसल्यासारखं वाटतं हो," म्हणाले. त्यांना वाटलं वय झालं, त्यांच्या मुलाला वाटलं बाबांना आजार लागला. मी त्यांना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगितली. त्यात खाजेची एक पिवळी गोळी होती, अ‍ॅलर्जीवरची जुन्या पिढीतली. पावसाळ्यात अंगाला खाज सुटली म्हणून कुणीतरी दिली होती, आणि झोप छान लागते म्हणून ते आठ महिने रोज रात्री घेत होते. या जुन्या गोळ्या मेंदूत स्मृतीसाठी लागणाऱ्या असिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात. वयस्कर माणसांना त्याचा फटका जास्त बसतो. गोळी बंद केली, खाजेसाठी दुसरं दिलं. तीन आठवड्यांनी सर आले ते पाचवं प्रकरण घेऊनच, आणि मला ते पूर्ण ऐकावं लागलं. मागे वीस पेशंट थांबले होते.

प्रत्येक वेळी असं सोपं उत्तर सापडत नाही. पण सर्दीची, खाजेची, झोपेची, मळमळीची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर ती यादी डॉक्टरांना एकदा दाखवा. कानाला कमी ऐकू येत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर तेही मेंदूच्याच खात्यात धरा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. त्यांच्या अंदाजाने ती सगळी टाळता आली, तर जगातले सुमारे ४५ टक्के विस्मृतीचे आजार टाळता किंवा पुढे ढकलता येतील. त्यात कमी ऐकू येणं आहे, रक्तदाब, मधुमेह, बैठं आयुष्य, एकटेपणा आहे. बदाम न खाणं त्यात नाही.

बदामांबद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकते. भिजवलेले बदाम चांगले, अक्रोड चांगले, खा. परिच्छेद ते लिहून देत नाहीत. डोकं चालवलं की साखर लागते म्हणून लिहिताना शेजारी पेढ्यांचा डबा ठेवणारे माझ्या ओळखीत आहेत. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि तो ऊर्जेतला पाचवा हिस्सा घेतो हे खरं. पण ती ऊर्जा तो चोवीस तास घेतच असतो. अवघड परिच्छेद लिहिताना त्यात पडणारी भर अगदी थोडी असते. पेढा खायचा तर आवडतो म्हणून खा.

मी स्वतः काय बदललं ते सांगते. सगळ्यात अवघड होतं ते लिखाण रात्रीतून बाहेर काढणं. माझ्या लिखाणाची वेळ म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या वेळा वजा करून उरलेली वेळ होती. हे वाचणाऱ्या बायकांना वेगळं समजवायला नको. मी घरी सांगितलं, की मला सकाळी सहा ते सात हवेत, आठवड्यातून चार दिवस, आणि मला रात्री साडेदहाला झोपायचंय. यजमान म्हणाले, "अगं, मग पाणी मी भरतो की. कधी बोलली होतीस का?" बोलले नव्हते हे खरं. वीस वर्षं त्यांनी विचारलंही नव्हतं, हेही खरं. असो. पाणी आता ते भरतात, आणि दर दोन-चार दिवसांनी पिंप वाहून जातं. मी टेबलावरून उठत नाही.

एका तासात चारशेच्या आसपास शब्द होतात. म्हणजे पूर्वी रात्रीच्या दोन तासांत व्हायचे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि खोडावे लागतात ते थोडे. सकाळच सगळ्यांना मानवते असं मात्र नाही. काहींचं डोकं खरंच संध्याकाळी चालतं, ती ठेवण जन्मजात असते. तुम्ही तसे असाल तर संध्याकाळी लिहा, फक्त ती वेळ झोपेतून चोरू नका.

दुसरा बदल चालण्याचा. दवाखान्यापासून घर वीस मिनिटांवर आहे. मी स्कूटर सोडून चालत यायला लागले. स्टॅनफर्डमधल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. रोजच्या वस्तूंचे वेगळे उपयोग सुचवा, असं काम त्यांनी लोकांना बसून आणि चालताना दिलं. चालताना कल्पना सरासरी साठेक टक्के जास्त निघाल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. ज्या कोड्याला एकच नेमकं उत्तर असतं, त्यात मात्र चालणारे किंचित मागे पडले. मला हे अनुभवाला जुळणारं वाटतं. लेखाची सुरुवात, एखादी उपमा, 'अरे, हे त्याच्याआधी सांगायला हवं' अशा गोष्टी मला एसटी स्टँडच्या आसपास सुचतात. मी त्या फोनमध्ये बोलून ठेवते, लोक बघतात, बघू देत. पण डोस तपासायचे, आकडे लावायचे तर खुर्चीतच बसते. चालण्याचा लांबचा हिशेबही आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० वयस्करांवरच्या एका अभ्यासात, वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढलेला दिसला. ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र त्या वर्षात थोडा आक्रसला.

आणि तिसरा बदल त्या मिलिग्रॅममुळे. लिहिलेलं त्याच दिवशी पाठवत नाही. आपण लिहिलेलं लगेच वाचतो तेव्हा डोळा कागदावरचं वाचत नाही, मेंदूला जे म्हणायचं होतं ते वाचतो. मध्ये एक रात्र गेली की आपण थोडे परके होतो आणि चूक दिसते. औषधाचं नाव किंवा डोस असला तर गोळीची बाटलीच समोर घेऊन बसते.

आता डॉक्टर म्हणून सांगायलाच हवं असं थोडं. बोलता-लिहिता अचानक शब्द फुटेनासे झाले, अक्षर एकदम बिघडलं, तोंड वाकडं झालं, एका हातातली शक्ती गेली, तर झोपून बघू म्हणू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लगेच मोठं रुग्णालय गाठा. दुसरं, नुसतं लिहिणंच नाही तर काहीच करावंसं वाटत नाही, आवडीच्या गोष्टीही फिक्या झाल्यात, पहाटे लवकर जाग येऊन मन खात राहतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर लवकर झोपा आणि चाला एवढं सांगून भागत नाही, उपचार घ्यावे लागतात आणि त्यांनी बरं वाटतं.

आणि आईची वही मनात घेऊन बसलेल्यांसाठी. शब्द अडतो, मग थोड्या वेळाने आठवतो, आपण विसरलो हे आपल्याला कळतं आणि टोचतं, यात काळजीचं सहसा कमी असतं. तेच तेच पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचे व्यवहार न जमणं, आणि हे आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येणं, हे वेगळं आहे. त्यासाठी तपासणी करून घ्या, लवकर. आईच्या वेळी आम्ही 'वय झालं' म्हणत दीड वर्ष घालवलं. तिचा आजार थांबला नसता, पण वही हातातून सुटू लागली तेव्हा ती काय घाबरली असेल, हे तिला विचारायचं आमचं राहून गेलं.

यंदाही थायरॉइडवरच लेख मागितलाय. संपादकांच्या मंडळी आधी वाचणार आहेत, मीच तशी अट घातली. बी-१२ ची तपासणी कुणी आणि किती दिवसांनी करावी हे बऱ्याच जणांनी विचारलंय, त्यावर पुढच्या आठवड्यात लिहिते. सकाळी.